तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र: तिन्ही एकत्र शिकायचं तर

1988 मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमी योजनेवरची मजुरी वाढवून शेतमजुरांच्या किमान वेतनाच्या बरोबरीला आणली गेली. बांधबंदिस्तीच्या कामावर पाट्या उचलणाऱ्या बाईला रोजचे जास्त पैसे मिळणार, यात वाईट ते काय? पण त्यानंतरच्या वर्षांत योजनेवर मिळणाऱ्या कामाचे दिवसच घटले. अर्थशास्त्र शिकणारी मुलगी म्हणेल, मजुरी वाढली आणि तरतूद त्या प्रमाणात वाढली नाही, तर कामं कमी निघणारच. राज्यशास्त्रवाला विचारेल, तरतूद वाढवायची नाही हे ठरवलं कुणी, आणि ज्यांची कामं गेली त्यांचा आवाज विधानसभेत का पोचला नाही? तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी दोघांनाही थांबवेल: कायद्यानं दिलेली 'हमी' पैसे संपल्यावर आटत असेल, तर तिला हमी म्हणायचं कशाला?

तिघांचंही बरोबर आहे, पण एकट्याचं कुणाचंच पुरत नाही. हे तिन्ही प्रश्न एकाच डोक्यानं विचारावेत यासाठी जो पदवी अभ्यासक्रम आहे, त्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून पीपीई म्हणतात. (करोनानंतर हे नाव घेतलं की समोरच्याला पांढरं किट आठवतं, त्याला इलाज नाही.) बारावीच्या आसपास असलेल्या, हा अभ्यासक्रम परदेशात जाऊन किंवा इथेच राहून करू पाहणाऱ्या मुलामुलींसाठी आणि 'याचा उपयोग काय' असं विचारणाऱ्या त्यांच्या आईवडिलांसाठी हे लिहितो आहे. माझं एक मत आधीच सांगून टाकतो. गुणपत्रिकेवर तीन विषयांची नावं आली म्हणजे पीपीई झालं, असं होत नाही. एका प्रश्नाला तिन्हींनी भिडायची सवय लागली, तरच झालं.

अभ्यासक्रमाची घडण

सुरुवात ऑक्सफर्डची, साल 1920. तिथे 'ग्रेट्स' नावाचा ग्रीक-लॅटिनचा जुना, मानाचा अभ्यासक्रम होता. प्राचीन ग्रंथांतून तत्त्वज्ञान आणि इतिहास शिकून मुलं सरकारी सेवेत जात. पहिल्या महायुद्धानंतर, आजच्या जगाचा कारभार समजायला आजचेच विषय हवेत, या विचारातून त्याला पर्याय निघाला. म्हणून त्याचं सुरुवातीचं टोपणनाव 'मॉडर्न ग्रेट्स'.

मुदत तीन वर्षांची. पहिल्या वर्षी तिन्ही विषय सगळ्यांना सारखेच. तत्त्वज्ञानात आकारिक तर्कशास्त्र, ज्ञान-मन-इच्छास्वातंत्र्य यांविषयीचे मूलभूत प्रश्न आणि नीतिशास्त्र. राज्यशास्त्रात लोकशाहीचे सिद्धान्त आणि वेगवेगळ्या देशांच्या संस्थांची तुलना. अर्थशास्त्रात सूक्ष्म, स्थूल आणि त्यांना लागणारं गणित. वर्षाअखेर 'प्रिलिम्स' ही परीक्षा. ती पार केली की पुढची दोन वर्षं तिन्ही विषय चालू ठेवता येतात किंवा एक सोडून उरलेल्या दोनांत खोल जाता येतं. शेवटी आठ पेपर.

वर्षाची तीन सत्रं, प्रत्येक अवघं आठ आठवड्यांचं. या अभ्यासक्रमाचा जीव मात्र वर्गातल्या व्याख्यानांत नाही, 'ट्युटोरियल'मध्ये आहे. एक किंवा दोन, फार तर तीन विद्यार्थी आणि एक शिक्षक. आठवड्याला एखादा, कधी दोन निबंध लिहायचे आणि तासभर त्यांची चिरफाड ऐकायची, जमेल तसा बचाव करायचा. आपल्याकडे 'ट्यूशन' म्हटलं की जे डोळ्यांसमोर येतं, त्याच्या हे अगदी उलट आहे. इथे शिक्षक नोट्स देत नाही, तुमच्या मागतो.

हॅरॉल्ड विल्सन, एडवर्ड हीथ, डेव्हिड कॅमेरून, लिझ ट्रस आणि ऋषी सुनक हे ब्रिटनचे पंतप्रधान याच अभ्यासक्रमातून आले. बेनझीर भुट्टो, इम्रान खान आणि आँग सान स्यू की हेही. यादी भारदस्त आहे, आणि या अभ्यासक्रमावरची टीकाही नेमकी इथूनच सुरू होते: रविवारी रात्री वाचून सोमवारी सकाळी कुठल्याही विषयावर छातीठोक बोलता येणारी माणसं यातून तयार होतात. टीकेत तथ्य आहे. आठवड्याला नवा विषय आणि नवा निबंध या शर्यतीत चटपटीतपणा अंगी येतोच. त्यावरचा माझा उतारा पुढे येईल.

आपल्याला जवळचं नाव हवं असेल तर गिरीश कर्नाड. माथेरानला जन्म, धारवाडला गणित-संख्याशास्त्रात बी.ए., मग ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर 1960 ते 1963 ऑक्सफर्डला पीपीई. पुढे ते नाटककार झाले. याची वाट कलाशाखेतूनच जाते असं नाही, आणि संसदेकडेच जाते असंही नाही.

आधी स्वतःला तपासा

फॉर्म भरण्याआधी एक संध्याकाळ या खेळाला द्या. तीन मित्र नाश्त्याला निघालेत. पहिल्याची पसंती मिसळ, मग वडा, मग पोहे. दुसऱ्याची वडा, पोहे, मिसळ. तिसऱ्याची पोहे, मिसळ, वडा. बहुमतानं ठरवू म्हणाले. मिसळ की वडा? दोघांचं मत मिसळीला. वडा की पोहे? दोघांचं वड्याला. मग मिसळ पोह्यांना सहज हरवेल असं वाटतं. पण मोजून पाहा: पोहे की मिसळ म्हटल्यावर दोघं पोह्यांकडे जातात. प्रत्येकाचं डोकं ठिकाणावर आहे, तरी तिघांचं मिळून गोल गोल फिरतं आहे.

अठराव्या शतकात फ्रान्सच्या काँदोर्सेनं हे कोडं मांडलं. 1951 मध्ये केनेथ अ‍ॅरो यांनी दाखवून दिलं की काही साध्या, रास्त वाटणाऱ्या अटी एकदम पाळणारी मतदानपद्धत, पर्याय तीन किंवा जास्त असले की, बनवताच येत नाही. अमर्त्य सेन यांचं बरंच काम इथूनच पुढे जातं. आता स्वतःकडे पाहा. हे वाचून 'मग लोकांची इच्छा म्हणजे नक्की काय?' असा किडा डोक्यात वळवळला का? कागद घेऊन दुसरे क्रम लावून पाहावेसे वाटले का? वाटले असतील तर पुढे वाचा. 'तिघांनी वेगवेगळं मागवावं, विषय संपला' असं वाटलं असेल तर तेही वाईट उत्तर नाही. तो बाजारवाद्याचा मुद्दा आहे, फक्त तो कारणांसकट मांडावा लागेल.

दुसरी तपासणी गणिताची. अवकलन, म्हणजे डिफरन्सिएशन, बघून घाम फुटतो का? ऑक्सफर्डला बारावीचं गणित सक्तीचं नाही, पण उपयोगी आहे असं ते स्वतःच सांगतात. माझ्या मते ते सक्तीचं समजूनच चाला. तिसरी तपासणी सगळ्यांत अवघड. ज्या राजकीय मताचा तुम्हाला मनापासून राग येतो, त्याच्या बाजूनं एक पान असं लिहा की ते मत मानणारा माणूस म्हणेल, 'अगदी हेच म्हणायचं होतं मला.' ज्याला हे जमत नाही आणि जमवायचंही नाही, त्यानं या वाटेला जाऊ नये.

आणखीही काहींना मी नको म्हणेन. अर्थशास्त्रातच एम.ए., पीएच.डी. करायची हे पक्कं असेल तर अर्थशास्त्र-गणित किंवा अर्थशास्त्र-संख्याशास्त्र घ्या. चांगल्या विभागांना गणित जास्त लागतं आणि ते पीपीईत पुरेसं होत नाही.

कुठे शिकता येतं

ब्रिटनमध्ये ऑक्सफर्डशिवाय यॉर्क, वॉरिक, डरहम, मँचेस्टर, किंग्ज कॉलेज लंडन, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स अशा बऱ्याच ठिकाणी. केंब्रिजला पीपीई नाही, हे अर्ज करायला बसल्यावर पुष्कळांना कळतं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात आहे. येलमध्ये याच जातीचा कार्यक्रम आहे, पण पहिल्या विषयाच्या जागी नीतिशास्त्र. नेदरलँड्समध्ये ॲमस्टरडॅमचं व्हीयू आणि उत्रेख्त इथे इंग्रजीतून शिकवतात. भारतात सोनीपतच्या अशोका विद्यापीठात या नावाचाच जोड-मुख्य विषय आहे.

खर्चाचं सरळ सांगतो. ब्रिटनमध्ये परदेशी विद्यार्थ्याची फी तिथल्या विद्यार्थ्याच्या कित्येक पट असते, आणि पदवीच्या पातळीवर पूर्ण शिष्यवृत्त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. ऑक्सफर्डची 'रीच' शिष्यवृत्ती त्यांतली एक. महाराष्ट्र शासनाची अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर शिक्षण आणि पीएच.डी.साठी आहे, पहिल्या पदवीसाठी नाही. म्हणून बहुतेकांसाठी शहाणा मार्ग असा: पदवी इथे करायची, नंतर शिष्यवृत्तीवर बाहेर जायचं. पहिली पदवी हातात असलेल्याला ऑक्सफर्डचं पीपीई दोन वर्षांतही करता येतं.

मग इथेच राहून काय? पुण्यामुंबईची जुनी कला महाविद्यालयं आणि जिल्ह्याच्या ठिकाणची कित्येक कॉलेजं हे तिन्ही विषय शिकवतात. नव्या शैक्षणिक धोरणातल्या मेजर-मायनर रचनेत एक प्रमुख, एक दुय्यम आणि तिसरा खुल्या ऐच्छिक श्रेयांकांतून असं बसवता येतं. प्रमुख कोणता घ्यावा? अर्थशास्त्र. एकट्यानं वाचून शिकायला तेच सगळ्यांत जड जातं, म्हणून जिथे वर्ग आणि शिक्षक मिळतात तिथे तेच घ्यावं.

प्रवेश घेण्याआधी माहितीपत्रकावर विसंबू नका. कार्यालयात जाऊन गेल्या वर्षीचं वेळापत्रक मागा. माझ्या कॉलेजात कागदावर तिन्ही विषयांची मुभा होती, पण अर्थशास्त्र आणि तत्त्वज्ञान दोन्ही सकाळी साडेआठला, एक तळमजल्यावर आणि एक तिसऱ्या. दोन वर्षं मी तत्त्वज्ञानाच्या नोट्स मैत्रिणीकडून उतरवून घेतल्या. तत्त्वज्ञान नोट्स उतरवून शिकता येत नाही, हे कळायला तिसरं वर्ष उजाडलं. तत्त्वज्ञानाला वर्गात किती मुलं आहेत हेही विचारा. पाचच असतील तर घाबरू नका, उड्या मारा. पाच मुलांचा वर्ग म्हणजे आपल्याकडचं फुकटचं ट्युटोरियल.

आणि हे तीन विषय जोडणं आपल्याला परकं आहे असं समजू नका. पुण्याच्या गोखले संस्थेच्या नावात राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र 1930 पासून शेजारी बसलेत. डॉ. आंबेडकर कोलंबियात जॉन ड्यूई यांच्याकडे तत्त्वज्ञान आणि एडविन सेलिग्मन यांच्याकडे अर्थशास्त्र शिकले, लंडनमध्ये रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला, आणि पुढे राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले.

ऑक्सफर्डचा अर्ज करायचाच असेल तर

अर्ज 'यूकॅस' या मध्यवर्ती यंत्रणेतून जातो आणि ऑक्सफर्डसाठी मुदत प्रवेशाच्या आदल्या वर्षीच्या 15 ऑक्टोबरला संपते. म्हणजे बारावीची परीक्षा फेब्रुवारीत आणि अर्ज त्याआधीच्या ऑक्टोबरात. आपल्याकडची मुलं निकालानंतर जागी होतात, तोवर एक वर्ष गेलेलं असतं. यूकॅसमध्ये पाच पर्याय भरता येतात, पण ऑक्सफर्ड आणि केंब्रिज एकाच वर्षी दोन्ही नाही. पाचही ठिकाणी तुमचं निवेदन, म्हणजे हा विषय का शिकायचाय हे सांगणारं 'पर्सनल स्टेटमेंट', एकच जातं. त्यामुळे एकीकडे पीपीई आणि दुसरीकडे व्यवस्थापन अशी खिचडी केली तर निवेदन कुणालाच पटत नाही. राज्य मंडळाची बारावी असेल तर ती ग्राह्य धरतात का आणि किती गुणांवर, हे त्या विद्यापीठाला दहावीनंतरच ईमेल करून विचारा.

प्रवेशचाचणीची नोंदणी वेगळी करावी लागते, हे विसरून अर्ज बाद झालेले असतात. कित्येक वर्षं या चाचणीत 90 मिनिटांत 50 बहुपर्यायी प्रश्न आणि मग 30 मिनिटांत एक निबंध असे. चाचण्यांची नावं आणि रचना अलीकडे बदलताहेत, तेव्हा आपल्या वर्षीचं विद्यापीठाचं पान पाहूनच तयारी करा. प्रश्नांचा पिंड मात्र टिकून आहे: उताऱ्यातला निष्कर्ष कोणता, कोणतं गृहीतक लपलेलं आहे, कोणत्या माहितीनं युक्तिवाद ढासळेल.

मुलाखत डिसेंबरात, ऑनलाइन. इथे आपली हुशार मुलं चुकतात, कारण ती तोंडी परीक्षेला बसल्यासारखी पाठ केलेलं म्हणतात. समजा विचारलं, 'मतदान सक्तीचं असावं का?' ऑस्ट्रेलियात 1924 पासून ते आहे, एवढी माहिती असली तर छानच, पण गुण तिला नाहीत. मोठ्यानं विचार करा. मतदान हक्क आहे की कर्तव्य? हक्क असेल तर तो न वापरण्याचाही हक्क त्यात येतो का? एका मतानं निकाल बदलण्याची शक्यता जवळपास शून्य असताना माणूस रांगेत उभाच का राहतो? सक्ती केल्यानं कोणते लोक नव्यानं मतदानाला येतील, आणि त्यामुळे पक्ष कुणाचं ऐकू लागतील? मग मुलाखत घेणारे एखादी अडचण पुढे टाकतील. 'हो, इथे माझं चुकलं, मला आधीचं विधान बदलावं लागेल,' असं शांतपणे म्हणता आलं तर तुम्ही निम्मी लढाई जिंकलात. त्यांना सोबत काम करता येईल असा विद्यार्थी हवा असतो. सराव आरशासमोर नको, वाद घालणाऱ्या मावशी-काकांसमोर करा.

सुरुवातीच्या सहा महिन्यांची तयारी

महाराष्ट्राच्या अकरावी-बारावीत कलाशाखेला तर्कशास्त्र हा विषय आहे. बहुतेक जण तो 'गुण देणारा' म्हणून घेतात आणि परीक्षेनंतर रद्दीत टाकतात. पण सत्यताकोष्टकं, निगमन, तर्कदोष हेच तर ऑक्सफर्डच्या पहिल्या वर्षीच्या तर्कशास्त्राचं प्रवेशद्वार आहे. विज्ञान-वाणिज्यच्या मुलांनी बालभारतीची ती दोन पुस्तकं मिळवावीत, दोन महिन्यांत होतात. आकृती काढून, प्रत्येक उदाहरण हातानं सोडवून.

गणितात फलन, सीमा, अवकलन, सर्वाधिक-न्यूनतम मूल्य काढणं आणि प्राथमिक संभाव्यता. बारावीच्या पुस्तकातलं एवढं पुरे. त्याचवेळी 'कोअर इकॉन' या अर्थतज्ज्ञांच्या गटानं मोफत ठेवलेलं पाठ्यपुस्तक उघडा. ते मागणी-पुरवठ्याच्या आलेखानं सुरू न होता विषमतेनं सुरू होतं, त्यामुळे राज्यशास्त्राचा धागा सुटत नाही. तत्त्वज्ञानासाठी स्टॅनफर्डचा ऑनलाइन कोश मोफत आहे, फक्त त्यातल्या नोंदी नवख्याला जड जातात. आधी इग्नूचं अभ्याससाहित्य, मग तो.

मराठीतून आलात तर भाषेची धास्ती घेऊ नका, पण भाषेकडे लक्ष ठेवा. भाषा संचालनालयाचे तिन्ही विषयांचे परिभाषा कोश ऑनलाइन आहेत. वाईहून निघणारं 'नवभारत' मासिक, तत्त्वज्ञ मे. पुं. रेगे यांचं लेखन, देवीदास वाडेकरांनी संपादित केलेला तत्त्वज्ञान महाकोश हे सगळं वापरायचं ते यासाठी की संकल्पना आधी आपल्या भाषेत पक्की बसावी. दोन भाषांत विचार करण्याचा एक फायदा एकभाषिकाला मिळत नाही. उदाहरणार्थ 'अधिकार'. मराठीत तो हक्कही आहे आणि सत्ताही. 'कामाचा अधिकार' आणि 'अधिकारी' यांत एकच शब्द बसलेला आहे. एक मागणाऱ्याचा, दुसरा देणाऱ्याचा किंवा अडवणाऱ्याचा. निबंधात हा शब्द आला की थांबून विचारा, मला यातला कोणता म्हणायचाय? अर्धं तत्त्वज्ञान या थांबण्यातच असतं.

आठवडा कसा लावायचा

आठवड्याला एक प्रश्न. त्याहून जास्त नको. 'लोकशाही' हा प्रश्न नव्हे, 'बहुमताला अल्पमताची जमीन घेण्याचा अधिकार कधी असतो?' हा प्रश्न.

पहिले दोन दिवस वाचन. यादीत पाच गोष्टी असतील तर दोन पूर्ण वाचा, बाकीच्या तिन्हींत फक्त तुमच्या प्रश्नाला भिडणारा भाग. सगळं वाचायला बसलात तर लिहायचं राहतं, हा माझा आणि मी पाहिलेल्या प्रत्येकाचा अनुभव. तिसऱ्या दिवशी पुस्तकं मिटून एका कोऱ्या कागदावर आपलं उत्तर एका वाक्यात लिहा. वाक्य जमत नसेल तर वाचन कमी पडलेलं नाही, विचार कमी पडलाय. पुन्हा वाचायला पळू नका, फिरायला जा.

चौथ्या-पाचव्या दिवशी निबंध, दीड-दोन हजार शब्दांचा. पहिल्या परिच्छेदात उत्तर सांगून टाका. आपल्याकडच्या निबंधलेखनात 'प्राचीन काळापासून मानव...' अशी मिरवणूक निघते, ती इथे नको. मग कारणं, मग तुमच्याविरुद्धचा सगळ्यांत बळकट आक्षेप आणि त्याला उत्तर. दुबळा आक्षेप उभा करून पाडणं म्हणजे गल्लीतल्या पोराला चितपट करून हिंदकेसरी म्हणवून घेणं.

सहाव्या दिवशी निबंध मोठ्यानं वाचून दाखवायचा. शिक्षक मिळाले तर उत्तम, नाहीतर तिघं मित्र जमवा: एक वाचेल, दुसरा आक्षेप घेईल, तिसरा फक्त एवढंच विचारेल, 'हे तुला कशावरून कळलं?' भूमिका दर आठवड्याला बदला. सातव्या दिवशी सुट्टी.

चटपटीतपणावरचा उतारा म्हणालो होतो तो हा. महिन्यातून एकदा जुना निबंध काढायचा आणि त्याखाली वेगळ्या शाईनं लिहायचं: यातलं कोणतं वाक्य मी फक्त भारदस्त वाटतं म्हणून लिहिलं होतं? पहिल्या वर्षी अशी वाक्यं बरीच निघतात.

एका प्रश्नाच्या तीन वह्या

आता सुरुवातीच्या रोजगार हमीकडे परत येऊ, कारण पद्धत उदाहरणाशिवाय कळत नाही. हा विषय माझ्या आवडीचा आहे, थोडा लांबेल.

आधी हकिगत नीट मांडा. सांगली जिल्ह्यातले वि. स. पागे, जे विधान परिषदेचे अनेक वर्षं सभापती होते, त्यांच्या कल्पनेतून साठच्या दशकात तासगाव तालुक्यात लहान प्रमाणात हा प्रयोग झाला. 1972 च्या दुष्काळानं त्याला राज्यव्यापी केलं. 1977 मध्ये कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. पैसा आला तो मुख्यतः शहरी नोकरदार-व्यावसायिकांवरच्या व्यवसाय करातून, त्यात राज्याची भर. 2005 मध्ये केंद्रानं देशभरासाठी याच धर्तीचा कायदा केला.

तत्त्वज्ञानाच्या वहीत लिहा: कामाचा हक्क म्हणजे कुणाविरुद्धचा हक्क? माझं तोंड बंद करू नका, हा हक्क सगळ्यांनी नुसतं गप्प राहून पाळता येतो. काम द्या, हा हक्क पाळायला कुणाला तरी काहीतरी करावं लागतं, पैसे द्यावे लागतात. राज्यघटनेच्या 41 व्या कलमात कामाचा हक्क आहे, पण मार्गदर्शक तत्त्वांत, 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत'. मग महाराष्ट्राच्या कायद्यानं नवं काय केलं? क्षमतेवर अवलंबून असलेल्या गोष्टीला हक्क म्हणावं, की ते नुसतं वचन? या वहीतली चाल प्रतिउदाहरणाची: 'हक्क म्हणजे न्यायालयात मागता येतं ते' अशी व्याख्या केलीत, तर ज्यात ती बसणार नाही असं उदाहरण स्वतःच शोधा.

राज्यशास्त्राच्या वहीत वेगळं कोडं. ज्या राज्याच्या राजकारणावर मोठ्या बागायतदारांचं वजन होतं, तिथे भूमिहीनांसाठीचा कायदा झालाच कसा? मुंबईच्या पगारदारानं कर भरला आणि बंड केलं नाही, ते का? काही उत्तरं सुचतात. कामातून तयार होणारे बांध, तलाव, रस्ते जमीनवाल्यांच्याही उपयोगाचे होते. दुष्काळात गावं ओस पडून लोंढे शहरांकडे येणं शहरवाल्यांनाही परवडणारं नव्हतं. ही उत्तरं पटण्याजोगी आहेत, म्हणूनच संशयानं पाहा. या वहीतली चाल तुलनेची: तसाच दुष्काळ, तसेच जमीनदार असलेल्या दुसऱ्या राज्यात असा कायदा का झाला नाही? तुलना न केलेलं राज्यशास्त्र म्हणजे वर्तमानपत्राचं कात्रण.

अर्थशास्त्राची वही. कष्टाचं काम आणि कमी मजुरी ठेवली की ज्याला दुसरं काही मिळत नाही तोच येतो, गरीब कोण हे तलाठ्यानं ठरवावं लागत नाही. इथे मजुरीचा दर हीच चाळणी. दर वाढवला की चाळणीची भोकं मोठी होतात, आधी दुसरीकडे काम करणारेही येतात. तरतूद अपुरी असेल तर कामाचं रेशनिंग सुरू होतं, आणि रेशनिंगमध्ये कुणाची वर्णी लागते हे सांगायला अर्थशास्त्री लागत नाही. पण दुसरी बाजूही लिहा: योजनेचा दर वाढला की गावातल्या शेतमालकालाही मजुरी वाढवावी लागते, म्हणजे कामावर न आलेल्या बाईलाही फायदा. कोणता परिणाम मोठा? हे आकड्यांशिवाय ठरत नाही. या वहीतली चाल गृहीतकांची: 'तरतूद पुरेशी वाढत नाही' हे मी धरून चाललो, ते खोडलं तर काय उरतं?

आणि इथेच तिन्ही वह्या एकमेकींत शिरतात. तरतूद वाढत नाही हे अर्थशास्त्राच्या वहीतलं गृहीतक राज्यशास्त्राच्या वहीत निर्णय होतं, आणि तत्त्वज्ञानाच्या वहीत वचनभंग. आता निबंध लिहा. तीन विभाग पाडून 'तात्त्विक बाजू, राजकीय बाजू, आर्थिक बाजू' असा लिहू नका, ते प्रश्नपत्रिकेतलं 'टिपा लिहा' होतं. या एका गृहीतकाभोवती लिहा.

असेच आणखी प्रश्न तुमच्या आसपास आहेत. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीनं पाण्याचा वाटा जमिनीच्या एकरांवर न ठरवता घरातल्या माणसांवर ठरवला, भूमिहीनांनाही वाटा दिला आणि ऊस वर्ज्य केला. पाण्यावर मालकी कशी येते, नियम कोण पाळायला लावतं, ऊस नको म्हटल्यानं कुणाचं उत्पन्न किती हललं? तीन वह्या काढा.

एक विषय सोडायची वेळ आली की

दुसऱ्या वर्षी प्रश्न येतोच. गुण कमी पडले म्हणून सोडू नका. पुढे एकट्यानं वाचता येईल असा विषय सोडा. राज्यशास्त्र पुस्तकं, वर्तमानपत्रं, 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली' यांतून बऱ्यापैकी चालू ठेवता येतं. अर्थमिती, म्हणजे आकडेवारीवरून अर्थशास्त्रातले दावे तपासणं, घरी बसून शिकणारे थोडे. तत्त्वज्ञानाला समोर वाद घालणारा माणूस लागतो. म्हणून माझा कौल अर्थशास्त्र आणि तत्त्वज्ञान ठेवण्याला. राज्यशास्त्राचे माझे मित्र या वाक्यावर चिडतील, आणि त्यांच्याकडे उत्तर आहे: संस्थांचा अभ्यास शिस्तीनं केला नाही तर त्याचं गप्पाष्टक होतं. दोन्ही ऐकून ठरवा.

पुढे काय

आईवडिलांसाठी थोडक्यात. यूपीएससीत हे तिन्ही वैकल्पिक विषय आहेत, त्यांतला एकच घेता येतो. उरलेले दोन वाया जात नाहीत: 2013 पासून सामान्य अध्ययनाच्या चौथ्या पेपरात नीतिशास्त्र आहे, दुसऱ्यात राज्यव्यवस्था, तिसऱ्यात अर्थव्यवस्था. पत्रकारिता, धोरण-संशोधन, तीन वर्षांचं कायद्याचं शिक्षण, सार्वजनिक धोरणातलं एम.ए. या वाटा सरळ आहेत. अर्थशास्त्राच्या एम.ए.कडे वळायचं ठरलं तर प्रवेशपरीक्षेचा गणिताचा अभ्यासक्रम दुसऱ्या वर्षीच समोर ठेवा, तिसऱ्यात वेळ पुरत नाही.

आणि एक कागदोपत्री काम. दर सत्राचा छापील अभ्यासक्रम विभागप्रमुखांच्या सहीशिक्क्यासह जपून ठेवा. बाहेरचं विद्यापीठ 'कोणत्या पेपरात काय शिकलात' असं विचारतं, आणि चार वर्षांनी कॉलेजात गेलात तर तोवर अभ्यासक्रम बदललेला, प्रमुख निवृत्त झालेले आणि जुनी फाइल कुठल्या कपाटात आहे हे फक्त एका शिपायाला माहीत असतं.